‘अस्पायर’ला ‘महत्त्वाकांक्षा’ हा एकच प्रतिशब्द का पुरत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अर्जासोबत जोडायच्या निवेदनात आपण ‘आय अ‍ॅम अस्पायरिंग फॉर अ करिअर इन रिसर्च’ असे लिहिले आणि मैत्रिणीने त्यातल्या ‘फॉर’वर काट मारली. पुढच्या परिच्छेदात आई-वडिलांच्या आपल्याविषयीच्या अपेक्षा सांगताना ‘देअर अ‍ॅस्पिरेशन्स फॉर मी’ असे लिहिले होते, तेथलाही ‘फॉर’ तिने खोडला. खात्री करून घेण्यासाठी आपण शब्दकोश उघडलात, तर ‘अ‍ॅम्बिशन’ आणि ‘अ‍ॅस्पिरेशन’ या दोहोंपुढे ‘महत्त्वाकांक्षा’ हाच अर्थ दिसला. त्यातच घरातल्या एका वैद्यकीय अहवालात ‘अ‍ॅस्पिरेशन’ हा शब्द फुप्फुसांच्या संदर्भात आढळला आणि गोंधळात भर पडली.

गेली २२ वर्षे मी इंग्रजीतून मराठीत, आणि कधीमधी उलट दिशेने, भाषांतर करीत आलो आहे. या शब्दाने मलाही एकदा चांगलेच अडचणीत आणले होते, ते पुढे सांगतोच. शब्दकोश अर्थ सांगतो. वाक्यात तो शब्द कोणाचा हात धरून चालतो आणि कोणाचा धरीत नाही, हे मात्र शब्दकोशातल्या अर्थाच्या रकान्यात सापडत नाही, आणि आपली अडचण मुख्यतः तेथेच आहे. आपल्या अर्जात नेमका कोणता शब्द शोभेल, हे अर्ज कोणाकडे जातो आणि त्या वाक्याच्या पुढे आपण काय लिहिता यावर अवलंबून राहील. व्याकरणाचा भाग मात्र बराचसा निश्चित आहे.

अहवालातल्या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण मूळ अर्थ तेथेच जिवंत आहे. लॅटिनमध्ये ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणे किंवा फुंकणे. त्याला ‘कडे’ या अर्थाचा ‘अ‍ॅड’ हा उपसर्ग लागून ‘अ‍ॅस्पिरारे’ झाले, म्हणजे कशाच्या तरी दिशेने श्वास सोडणे, आणि त्यावरून कशाची तरी आस धरणे. ‘स्पिरिट’, ‘इन्स्पायर’, ‘एक्स्पायर’, ‘कॉन्स्पायर’ ही सगळी याच श्वासाची भावंडे आहेत. (‘अ‍ॅस्पिरिन’ मात्र यांच्या कुळातली नव्हे. ते १८९९ साली बायर कंपनीने ठेवलेले नाव असून त्यातला ‘स्पिर’ स्पिरिया या वनस्पतीवरून पडलेल्या एका आम्लाच्या जर्मन नावातून आला आहे.) वैद्यकात ‘अ‍ॅस्पिरेशन’ दोन अर्थांनी येते. अन्न, पाणी, लाळ किंवा उलटीतला अंश अन्ननलिकेऐवजी श्वासमार्गात ओढला जाणे हा पहिला अर्थ, आणि सुईने किंवा नळीने शरीरातला द्रव अथवा पेशी शोषून बाहेर काढणे हा दुसरा. पहिल्या प्रकाराची साधी, घरगुती ओळख म्हणजे ठसका, पण ठसक्याने ते बाहेर फेकले गेले नाही तर फुप्फुसाला दाह किंवा संसर्ग होऊ शकतो आणि अहवालात ‘अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया’ असे लिहिले जाते. आपल्या घरातल्या अहवालाचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. येथे मी शब्दापुरते बोलत आहे.

हाच श्वास आणखीही ठिकाणी भेटतो. टर्बोचार्जरशिवाय, बाहेरच्या हवेच्या दाबावरच हवा आत घेणाऱ्या इंजिनाला ‘नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड’ म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘अ‍ॅस्पिरातर’ म्हणजे धूळ ओढून घेणारे झाडलोटीचे यंत्र. आणि भाषाशास्त्रात ‘अ‍ॅस्पिरेशन’ म्हणजे जिला आपले व्याकरण महाप्राणता म्हणते ती. तळहात तोंडासमोर धरून आधी ‘काल’ म्हणा आणि मग ‘खाल’ म्हणा. दुसऱ्या वेळी हातावर जो जास्तीचा झोत जाणवतो, तो महाप्राण. संस्कृत वैयाकरणांनी त्याला ‘मोठा श्वास’ म्हटले आणि युरोपीयांनी श्वासावरूनच ‘अ‍ॅस्पिरेशन’ म्हटले. गंमत अशी, की खुद्द ‘अस्पायर’ उच्चारताना त्यातल्या ‘प’ला हा झोत नसतो, कारण इंग्रजीत शब्दारंभीचा ‘प’ महाप्राणाकडे झुकतो, पण त्याआधी ‘स’ आला की तो आपल्या साध्या ‘प’सारखा होतो. आपल्याला हा ‘प’ आयताच जमतो.

उच्चाराचा विषय निघालाच आहे, तर तोही उरकून घेऊ. क्रियापदाचा पहिला स्वर अगदी हलका असून आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘स्पाय’वर आहे, म्हणून ते ‘अस्पायर’. नामात मुख्य आघात ‘रे’वर सरकतो आणि पहिला स्वर उघडतो, म्हणून ‘अ‍ॅस्पिरेशन’. या उत्तरात मी दोन्ही वेगवेगळे लिहीत आहे, ते त्याचसाठी. ‘अ‍ॅस्पिरंट’ आणि ‘अस्पायरंट’ हे दोन्ही उच्चार शब्दकोशांना मान्य आहेत, त्यामुळे त्यावरून कोणाला टोकू नये.

आता ‘अ‍ॅम्बिशन’. त्याचे मूळ श्वासात नसून पायांत आहे. लॅटिन ‘अ‍ॅम्बिरे’ म्हणजे भोवती फिरणे. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक मते मागत हिंडत, त्या हिंडण्याला ‘अ‍ॅम्बिशिओ’ म्हणत. निवडणुकीतल्या गैरमार्गांसाठी याच धातूपासून ‘अ‍ॅम्बिटस’ हा शब्द रूढ झाला आणि त्याविरुद्ध कायदेही करावे लागले. हे लोक खडू चोळून शुभ्र केलेला झगा अंगावर घालीत, त्यावरून ‘कँडिडेट’, म्हणजे शुभ्रवस्त्रधारी. मराठीने त्याच माणसाला फारसीतून आलेला ‘उमेदवार’ हा शब्द दिला, म्हणजे ज्याच्यापाशी उमेद आहे तो. इंग्रजीने त्याचे कपडे पाहिले, मराठीने त्याचे मन पाहिले, असे मी गमतीने म्हणतो. शिवाय मराठीत ‘उमेदवारीचे दिवस’ म्हणजे काम शिकण्याचे, हाताखाली राबण्याचे दिवस, आणि ‘अस्पायर’च्या अर्थाची जी छटा ‘महत्त्वाकांक्षे’त हरवते, ती या शब्दप्रयोगात बरीचशी सापडते.

व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही, हे मान्य. या दोन शब्दांच्या बाबतीत मात्र मूळ रंग अजून पुरता उडालेला नाही. ‘अ‍ॅम्बिशन’मध्ये मिळवण्यावर भर असतो. पद, यश, सत्ता, आघाडी अशी मोजता येणारी गोष्ट त्याला हवी असते, आणि म्हणूनच ‘शी इज व्हेरी अ‍ॅम्बिशस’ हे वाक्य कौतुकही असू शकते आणि टोमणाही, जसे आपल्याकडे ‘ती फार महत्त्वाकांक्षी आहे’ या वाक्याचे होते. ‘अस्पायर’ची नजर आपल्यापेक्षा उंच आणि आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे असते, मग ती गोष्ट पद असो, एखादे कौशल्य असो किंवा एखाद्या तऱ्हेचे माणूस होणे असो. अंतर मोठे आहे, याची जाणीव त्या शब्दातच असते. त्यामुळे ‘उद्याची पहिली बस पकडण्यास मी अस्पायर करतो’ असे कोणी म्हटले, तर ते विनोदानेच म्हटलेले असते. बस पकडायची असते, इतकेच. ‘विश’ला हे अंतर चालते, पण त्यात पाऊल उचलण्याची जबाबदारी नसते. ‘होप’मध्ये निकाल बराचसा दुसऱ्याच्या हाती असतो. ‘अस्पायर’ करणाऱ्याने निदान तोंड तरी त्या दिशेला वळवलेले असावे लागते.

आता मैत्रिणीने मारलेल्या काटांकडे वळतो. आपल्याकडच्या न्याय आणि मीमांसा परंपरेत वाक्याचा अर्थ लागण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. यातली आकांक्षा म्हणजे एका पदाला अर्थ पूर्ण होण्यासाठी दुसऱ्या पदाची असलेली गरज. ‘दार’ एवढेच म्हणून कोणी थांबला, तर ऐकणारा ‘उघडू, की लावू?’ म्हणून वाट पाहत राहतो. ‘अस्पायर’ या क्रियापदाला अशी आकांक्षा ‘टू’ची आहे. ते अकर्मक आहे, म्हणून ‘आय अस्पायर अ करिअर’ होत नाही, आणि ‘टू’पुढे एकतर नाम येते, जसे ‘शी अस्पायर्स टू अ करिअर इन रिसर्च’, किंवा क्रियापदाचे मूळ रूप येते, जसे ‘शी अस्पायर्स टू बिकम अ रिसर्चर’. ‘टू बिकमिंग’ ही रचना ओढूनताणून समर्थनीय ठरते, पण कानाला खटकते, म्हणून टाळावी. जुन्या ललित गद्यात ‘आफ्टर’ आणि ‘टुवर्ड्स’ भेटतात, ते वाचून ओळखावेत आणि तेथेच सोडावेत.

मग ‘फॉर’ आला कोठून? तो नामाच्या घरातून आला. ‘अ‍ॅस्पिरेशन’ या नामाला ‘फॉर’ बिनदिक्कत चालतो, विशेषतः ज्याच्यासाठी इच्छा बाळगली आहे तो माणूस सांगताना. ‘टू’ आणि ‘ऑफ’ही त्याला चालतात. नामाची सवय क्रियापदाला लागली, शिवाय मराठीतले ‘साठी’ मनात घोळत असते, आणि भारतीय इंग्रजीत ‘अस्पायर फॉर’ इतके पसरले, की वर्तमानपत्रांतही दिसते. बोलण्यात त्यावरून कोणाचा अर्थ चुकणार नाही. औपचारिक अर्जात मात्र ते टाळावे, कारण वाचणाऱ्याला ते ठेचेसारखे लागू शकते आणि त्याचे लक्ष आपल्या विषयावरून आपल्या शब्दयोगी अव्ययावर जाते.

संबंधी वाक्यात उलट चूक होते, तेथे ‘टू’ गळून पडतो. ‘द पोस्ट शी अस्पायर्स’ अपुरे आहे; ‘द पोस्ट शी अस्पायर्स टू’ किंवा अधिक औपचारिक ‘द पोस्ट टू विच शी अस्पायर्स’ असे हवे. ‘आय अ‍ॅम अस्पायरिंग’ हे चालू काळाचे रूप अशुद्ध म्हणता येणार नाही, पण असा ध्यास आज सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपत नसल्याने साधा वर्तमानकाळ अधिक स्वाभाविक वाटतो. आणि ‘आय वॉज अस्पायर्ड बाय माय टीचर’ असे वाक्य मी निवेदने तपासताना पुन्हा पुन्हा पाहिले आहे. तेथे ‘इन्स्पायर्ड’ हवे. शिक्षक आपल्यात श्वास भरतात, ते ‘इन्स्पायर’. आपण उंचावरच्या गोष्टीकडे श्वास सोडतो, ते ‘अस्पायर’. दुसऱ्याने आपल्याला अस्पायर करता येत नाही.

मराठीत उतरवताना काय करावे, हा भाग मला सर्वांत रोचक वाटतो. मराठीत इच्छा बहुधा माणसाकडे चालत येते. ‘मला वाटते’, ‘मला हवे आहे’, ‘मला संशोधक व्हायचे आहे’ या वाक्यांत इच्छिणारा चतुर्थीत बसलेला असतो. इंग्रजी ‘आय अस्पायर’मध्ये तो कर्ता म्हणून उभा असतो. म्हणून ‘मला संशोधक होण्याची इच्छा आहे’ हे भाषांतर अर्थाने जवळ असूनही ढिले पडते. इच्छिणाऱ्याला कर्ता करणारे वाक्प्रचार मराठीत भरपूर आहेत : ध्यास घेणे, आस धरणे, उमेद बाळगणे, मनीषा बाळगणे. ‘तिने संशोधनाचा ध्यास घेतला आहे’ यात दिशा आहे आणि सातत्यही आहे. ‘मनीषा’ किंचित पुस्तकी, ‘आस’ किंचित हळवी, आणि ‘ध्यास’ कधीकधी मूळ शब्दापेक्षा तीव्र पडतो, म्हणजे नोकरीच्या साध्या अर्जात घेतला तर नाटकी वाटतो. तेथे मी सरळ ‘व्हायचे आहे’ लिहितो आणि पुढे जातो. ‘आकांक्षा’ हे नाम ‘अ‍ॅस्पिरेशन्स’ला, विशेषतः अनेकवचनात, चांगले बसते, ‘महत्त्व’ जोडले की ते ‘अ‍ॅम्बिशन’च्या घरी जाते. माझ्यापुरता मी हा हिशेब ठेवला आहे आणि तो सहसा दगा देत नाही. संस्कृतने तर इच्छेला क्रियापदाच्या पोटातच जागा दिली होती, तिचे अवशेष आपण रोज वापरतो. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, जिंकण्याची ती जिगीषा, सुटण्याची ती मुमुक्षा, आणि शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा, जी आज्ञा ऐकण्यावरून सेवेवर येऊन स्थिरावली. ‘सीकर’ किंवा ‘अ‍ॅस्पिरंट’ला कधीकधी ‘जिज्ञासू’ किंवा ‘मुमुक्षू’ असा नेमका मराठी शब्द मिळतो तो यामुळे, अर्थात विषय तसा असेल तर.

‘अस्पायरिंग रायटर’ला काय म्हणावे? ‘नवोदित लेखक’ असे सर्रास केले जाते, पण नवोदित म्हणजे उगवलेला. त्याचे काही ना काही प्रसिद्ध झालेले असते, आणि त्याला इंग्रजीत ‘बडिंग’ किंवा ‘इमर्जिंग’ म्हणतील. ‘अस्पायरिंग’ अजून त्या उंबरठ्याच्या अलीकडे आहे. ‘होतकरू’ बरेच जवळचे, तरी त्यात बोलणाऱ्याने दिलेली पसंतीची पावती असते, त्यामुळे स्वतःला होतकरू म्हणवून घेणे जरा विचित्र दिसते. ‘वुड-बी’मध्ये प्रयत्न फसल्याची किंवा फसणार असल्याची छाया असते, म्हणून चोरी करताना पकडला गेलेला माणूस ‘वुड-बी थीफ’ असतो, ‘अस्पायरिंग’ नव्हे. ‘वॉनाबी’ तर उघड हिणवणारा शब्द आहे. ‘अ‍ॅस्पिरंट’ भारतीय इंग्रजीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यासाठी रुळला आहे. तेथे ‘परीक्षार्थी’ किंवा ‘इच्छुक’ पुरते. फ्रेंच सैन्यात मात्र ‘अ‍ॅस्पिरां’ ही अधिकारी होऊ घातलेल्या उमेदवाराची रीतसर पायरी आहे.

आता माझी फसगत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या धोरणाच्या मसुद्यात ‘अ‍ॅस्पिरेशनल टार्गेट्स’ असा शब्दप्रयोग होता. मी तो ‘महत्त्वाकांक्षी उद्दिष्टे’ असा केला आणि निर्धास्त झालो. वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘अवघड, पण गाठायचीच अशी उद्दिष्टे’ असा घेतला, तर मसुदा लिहिणाऱ्यांनी तो शब्द नेमका उलट कारणासाठी निवडला होता : ही दिशा आहे, बंधन नाही. दोन बैठका त्या एका विशेषणावर गेल्या आणि दुरुस्तीपत्रक माझ्या नावाने निघाले. तेव्हापासून करार, ठराव किंवा धोरण असेल, तर ‘अ‍ॅस्पिरेशनल’पुढे मी थांबतोच. याचे जगजाहीर उदाहरण म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ऑक्टोबर २०२२ मधल्या आपल्या ४१ व्या अधिवेशनात स्वीकारलेले ध्येय. २०५० पर्यंत आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या या ध्येयाच्या नावातच ‘अ‍ॅस्पिरेशनल’ शब्द आहे, आणि ते कोणत्याही एका देशावर उत्सर्जन घटवण्याचे विशिष्ट बंधन घालीत नाही, हेही ठरावात स्पष्ट केलेले आहे. अशा ठिकाणी मी ‘इच्छित, बंधनकारक नसलेले’ असे दोन शब्द जास्तीचे खर्च करतो. जाहिरातींच्या भाषेतले ‘अ‍ॅस्पिरेशनल ब्रँड’ आणखी वेगळे. ज्याला ते परवडत नाही, पण परवडावे असे वाटते, त्याच्याकडे पाहून ते विशेषण लावलेले असते.

आपल्या अर्जाबाबत. ‘अ‍ॅम्बिशन’ की ‘अ‍ॅस्पिरेशन’ हा प्रश्न निवड समिती काय पाहते यावर ठरेल. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ‘अ‍ॅम्बिशन’ खुशाल वापरावे. संशोधनाच्या अर्जात मला ‘अस्पायर’ अधिक शोभते असे वाटते, पण एकदाच, आणि त्याच्या लगेच पुढे ठोस मजकूर हवा. तीन ठिकाणी ‘अस्पायर’ आले, की तो शब्द पोकळ वाजू लागतो. आपले वाक्य मी असे करीन : ‘आय अस्पायर टू अ करिअर इन रिसर्च’, आणि पुढच्याच वाक्यात आपल्याला कोणता प्रश्न सोडवायचा आहे आणि त्यासाठी आतापर्यंत हाताने काय केले आहे, ते लिहीन. ते लिहिण्यासारखे नसेल, तर ‘अस्पायर’ काढून ‘आय वॉन्ट टू’ ठेवणे जास्त प्रामाणिक दिसेल, आणि इंग्रजीत ते मुळीच खालच्या दर्जाचे मानले जात नाही.

पहिल्या वाक्यातला ‘फॉर’ खोडण्यात मैत्रीण बरोबर होती. आई-वडिलांविषयीच्या वाक्यातला ‘फॉर’ मात्र नामाचा आहे आणि निर्दोष आहे, तो परत घालावा.